लाखाला तीनने भाग जात नाही

आमच्या घरात कुणी कुणाला वाईट बोलत नाही. ते काम आम्ही आकड्यांना लावून दिलं आहे. आकडे बिचारे निमूट बोलतात आणि त्यांच्यावर कुणाला रागावताही येत नाही. मला घरातल्या एका कामातून काढलं, तेव्हाही कुणी माणसाने काढलं नाही. एक लाख या आकड्याने काढलं.

गोष्ट सुरू होते धाकट्या जावेच्या मुलीपासून. ती वेळेच्या बरीच आधी जन्मली. एवढीशी, डोळे मिटलेली, कातडी उंदराच्या पिलासारखी. पनवेलच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. धाकटीला स्वतःलाच ताप होता, मोठी जाऊ नोकरीवर, म्हणून त्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर मी बसायचे. नर्स आतबाहेर करायची तेव्हा दारातून पेटीचा एक कोपरा दिसायचा. त्या कोपऱ्यात कधी पाय असायचा, कधी नसायचा. पाय दिसला की मी घरी फोन करून सांगायचे, पाय हलला. त्याहून जास्त मला फोनवर बोलता येत नाही. समोरासमोर तर त्याहून कमी. चौक गावाला ज्या ढाब्यावर मी सकाळी भाकऱ्या थापायला जाते, तिथल्या शेठला पहिला महिनाभर मी मुकी आहे असंच वाटत होतं. त्याने तसं समजून पगारात काही फरक केला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

तर मी बाकड्यावर बसले होते आणि इकडे सासूबाईंनी गावातल्या शंकराला नवस बोलला. पोर घरी येऊ दे, माझ्या तिन्ही सुनांच्या हातच्या लाख वाती तुझ्यापुढे जाळीन.

पोर घरी आली. आता ती चार वर्षांची आहे आणि तिने हाक मारली की घरावरचा पत्रा हलतो. नवस मात्र राहून गेला. आधी भाताची लावणी आली, मग मोठ्या दिरांचं कंपनीत कायम होण्याचं आलं, मग माझे मालक गेले. टेंपो चालवायचे. साधा ताप म्हणून झोपले आणि आठवड्यात गेले. त्यानंतर नवसाचं कुणी नाव काढलं नाही. शंकरानेही काढलं नाही. त्याला घाई नसते.

यंदा धोंड्याचा महिना येणार होता. म्हणजे अधिक महिना, जावयाला धोंडे जेवू घालायचा. आमच्याकडे जावई नाही, त्यामुळे महिना मोकळाच जाणार होता. पाडव्याच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या की या धोंड्याच्या महिन्यात वाती जाळायच्या म्हणजे जाळायच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला आहे. पुढच्या धोंड्याच्या महिन्याला ज्योत दिसेल की नाही, सांगता येत नाही.

लगेच ओटीवर बैठक बसली. धाकटी भिसेगावला राहते. तिथे घरातच पार्लर चालवते. ती आली होती. मोठी बी. कॉम. झालेली आहे. फार्महाऊसवाल्यांच्या ऑफिसात हिशोब बघते. आमच्या घरातही तीच बघते. गॅस किती दिवस चालला, कुणी किती वेळा चहा केला, हे तिला तोंडपाठ असतं. मी चौथी शिकले आहे. माहेरच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती, त्यामुळे आमच्या वाडीतल्या सगळ्या मुली बरोबर चौथीलाच हुशार होऊन थांबायच्या.

मोठीने मोबाईल काढला. एक लाख भागिले तीन. मोबाईलने उत्तर दिलं आणि ती वाचायला लागली. तेहतीस हजार तीनशे तेहतीस पॉइंट तीन तीन तीन तीन. तिचा श्वास संपला, तीन संपले नाहीत.

"थांबत का नाय त्ये?" सासूबाईंनी विचारलं.

मोठीने सांगितलं की ते थांबत नसतं, कायमचं चालू राहतं.

"मंग धोंड्याच्या महिन्यात कसं व्हनार?"

हा प्रश्न मला त्या सगळ्या बैठकीतला सर्वात शहाणपणाचा वाटला, पण मोठी हसली. तिने समजावलं की प्रत्येकीने तेहतीस हजार तीनशे तेहतीस वाती वळल्या तर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव होतात. एक उरते. ती एक कुणाची? एकीने वळली तर तिची जास्त झाली. देवाच्या कामात एकीचं पुण्य जास्त आणि दोघींचं कमी, हे तिला पटत नव्हतं. तिघींनी मिळून एक वात वळायची म्हटलं तर एवढ्याशा कापसाला सहा हात कसे लागणार?

धाकटीला हसू येत होतं. ती म्हणाली, ताई, टाका की कुणाच्याही नावावर. मोठी म्हणाली, असं करायचं नसतं गं, हा नवस आहे, भिशी नाही.

मग तिने गुरुजींना फोन लावला. गुरुजी फोनवर नेहमी स्कूटर चालवत असतात. त्यांनी ओरडून सांगितलं की आहेर करताना आपण वर एक ठेवतो ना, तसं लाख आणि एक करा, शुभ असतं. मोठीने लाख आणि एकला दोनने भागून पाहिलं. गेला नाही. तीनने गेला नाही. ती चार, पाच, सहा करत वर चढत गेली, तिला आता हिशोबाची चव लागली होती, आणि अकरावर येऊन थांबली. अकराने बरोबर भाग गेला. नऊ हजार एक्याण्णव, बाकी शून्य. म्हणजे घरात अकरा सुना असत्या तर काही अडचण नव्हती. सासूबाईंनी तीनच मुलांवर थांबून केवढी चूक केली, ते त्या दिवशी आम्हाला कळलं.

गुरुजींनी मग स्कूटर थांबवून सव्वा लाख सुचवलं. सव्वा लाखाला तीनने भागलं तर दोन उरतात. जास्त द्यायला जावं तर उरतंही जास्त.

मी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होते. चौथीत आम्हाला शाळेतल्या गुरुजींनी एक युक्ती शिकवली होती. आकड्यातले सगळे अंक मिळवायचे. बेरजेला तीनने भाग गेला तर आकड्यालाही जातो. लाखात काय आहे? एक, आणि त्याच्यामागे शून्यांची रांग. बेरीज एक. मागे आणखी शून्य लावा, दहा लाख करा, कोटी करा, बेरीज एकच. शून्य कितीही उभे केले तरी तिघींत वाटताना एक उरायचीच. लाखाला दोन चालतात, चार चालतात, पाच, आठ, दहा, सोळा चालतात. तीन, सहा, सात, नऊ यांना तो ओळखही देत नाही. एवढा मोठा आकडा, पण ओळखीपाळखी अगदी ठरलेल्या. आमच्या गावातल्या मोठ्या घरांसारखं. हे मी कुणाला सांगितलं नाही. मोबाईलने सांगितलंच होतं, आणि मोबाईलला लाजायची सवय नाही.

तेवढ्यात मोठीने दोनने भागून पाहिलं. पन्नास हजार. पॉइंट नाही, शेपूट नाही. स्क्रीनवर किती स्वच्छ दिसत होतं ते तिने फिरवून सगळ्यांना दाखवलं. मलाही दाखवलं.

"बघ गं, दोघींत कसा सरळ भाग जातो," ती म्हणाली. "तुला नाहीतरी ढाबा असतो. कशाला उगाच दगदग?"

विधवा हा शब्द कुणाच्याही तोंडून आला नाही. सवाष्ण हाही आला नाही. धाकटी माझ्याकडे न बघता मुलीच्या केसांतली क्लिप सरळ करायला लागली. क्लिप सरळच होती. सासरे तर मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गेलेले, म्हणजे जिने नवस बोलला तिच्याही कपाळाला कुंकू नव्हतं, पण त्याचा कुणाला त्रास झाला नाही. नवस बोलणारीला भागायचं नव्हतं ना.

मी सासूबाईंकडे बघत होते. मला बाकी कुणाचं काही नव्हतं. मला एवढंच कळायला हवं होतं की ज्या तोंडाने त्या तिन्ही सुना म्हणाल्या होत्या, त्याच तोंडाने आता किती म्हणतात. मालक गेल्यावर मी या घरात कोण, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. असलं विचारायचं कसं? आणि कुणी आपणहून सांगितलंही नव्हतं. आता विचारलं गेलं होतं, मोबाईलवर का होईना.

सासूबाईंनी विचारलं, "लाख व्हतील ना पन?"

होतील म्हणून मोठीने सांगितलं.

"मंग करा," त्या म्हणाल्या, आणि पाय पसरून शेजारच्या म्हशीबद्दल बोलायला लागल्या.

मी तांदूळ निवडले. खडे फारसे नव्हते, तरी बराच वेळ निवडले.

कापूस खोपोलीच्या बाजारातून आला. ज्यांनी कधी केलं नाही त्यांना वाटतं की वात म्हणजे काय, कापूस घ्यायचा आणि पिळायचा. फुलवातीला चिमूटभर कापूस बोटांवर पसरून मध्ये दाबतात, कडा वर ओढून आणतात, आणि दुधाचं बोट लावून टोक वळतात. दुधाने टोक सुटत नाही. एका वातीला काहीच वेळ लागत नाही. पन्नास हजार वातींना लागतो. शिवाय पंखा लावता येत नाही, नाहीतर कापूस घरभर उडतो. चैत्र-वैशाखात, पत्र्याच्या घरात, पंखा बंद करून. या पुण्याला भाव का आहे ते तेव्हा समजतं.

मोठीने मोजायची पद्धतही काढली. एक एक वात मोजत बसायला वेळ कुणाला? तिने स्वतःच्या हजार वाती मोजून चकलीच्या डब्यात भरल्या. डबा काठोकाठ भरला. म्हणजे एक डबा एक हजार. प्रत्येकीने पन्नास डबे भरायचे की झाला लाख. भरलेला डबा मोठ्या पोत्यात ओतायचा आणि भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची. धाकटीला तशाच मापाचा डबा दिला.

पहिल्या आठवड्यात मोठीने चार डबे भरले. दुसऱ्यात दोन. तिसऱ्या आठवड्यात फार्महाऊसवाल्यांचा मार्च अखेरचा हिशोब जुळत नव्हता. एका दुपारी ती ऑफिसातून लवकर आली आणि कापसाची पिशवी माझ्यासमोर ठेवली.

"तुला दुपारचा वेळ असतोच ना गं. थोड्या वळून ठेव. माझ्यातल्याच समज." जाता जाता म्हणाली, "धाकटीला काही बोलू नकोस हं."

मी बोलत नाही, हा माझा गुण त्या घरात पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आला होता.

पुढच्या रविवारी धाकटी आली. तिच्या पार्लरला लग्नसराई लागली होती. भिसेगावातल्या सगळ्या नवऱ्या एकदम चेहरा धुऊन घ्यायला निघाल्या होत्या. तिने मुलीच्या कपड्यांच्या पिशवीतून कापसाची पिशवी काढली.

"वैनी, माझं काय व्हायचं नाय यातलं," ती म्हणाली. "तुमीच वळा. आन् मोठ्या ताईंना सांगू नका, नायतर त्या मोबाईल काढतील."

तिने निदान मी कोण ते ओळखून मागितलं. जाताना मला तिच्याकडची एक क्रीमची डबी देऊन गेली. ती अजून आहे. भाकऱ्या थापणाऱ्या हातांना लावायची की वाती वळणाऱ्या, ते ठरलं नाही.

अशी मी कामाला लागले. माझ्या वाटणीला शून्य आलं होतं आणि त्या शून्यात मी रोज दुपारी वाती वळत होते. एका मांडीजवळ मोठीचा कापूस, दुसऱ्या मांडीजवळ धाकटीचा. माझा हात वातीला लागला तर वात चालत नाही, असं नव्हतं. माझं नाव लागलं तर चालत नव्हती. शंकराला तिसरा डोळा आहे म्हणतात. मोठीचा विश्वास होता की दुपारी तोही मिटलेला असतो.

धाकटीची मुलगी सुट्टीला आमच्याकडेच होती. ती समोर बसायची आणि वाती मोजायची. तिला वीसपर्यंत येतं. वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. तिच्या हिशोबाने लाख कधीच होणार नव्हते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मध्येच ती पाय पसरून माझ्या मांडीवर टाकायची. मी तो पाय जरा वेळ तसाच राहू द्यायचे. चांगला जाडजूड झाला आहे.

सासूबाई ओटीवर असायच्या. येता-जाता पोत्यात हात घालायच्या, मूठभर वाती घ्यायच्या, बोटांनी चाचपायच्या आणि परत टाकायच्या. कधी मला म्हणायच्या, चा ठेव गं. दुसरं काही म्हणत नव्हत्या. मी वाट बघायचे. आज म्हणतील, की तू का वळतेस, तुला तर काढलं ना? किंवा म्हणतील, की तूच वळ, तू माझी सूनच आहेस. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. चहा मात्र दोन वेळा लागायचा.

एकदा मला सहज वाटलं म्हणून मी माझा एक डबा मोजला. मोठीच्या वाती मोठीसारख्याच, भरदार. डब्यात हजार बसतात. माझा हात भाकरीचा, पीठ पुरवून पुरवून थापायची सवय. माझी वात बारीक होते आणि डब्यात दाबूनही बसते. माझ्या डब्यातल्या वाती हजारावर थांबल्याच नाहीत. बाराशे, तेराशे, चौदाशे. पंधराशेच्या पुढे कुठेतरी मुलगी शिंकली आणि ढीग उडाला. पुन्हा मोजले तेव्हा वेगळाच आकडा आला, पण तोही पंधराशेच्या आसपासच. मग मी सोडून दिलं.

म्हणजे ज्या एका वातीसाठी ओटीवर बैठक बसली, गुरुजींची स्कूटर थांबली आणि मी तिनातून वजा झाले, ती एक वात राहिली बाजूला. आता दर डब्यामागे पाचशे वाती जास्त पडत होत्या आणि भिंतीवर मात्र हजाराचीच रेघ उमटत होती. लाख कधीच मागे पडला होता. पोत्यात किती होत्या ते शंकरालाही तोंडी सांगता आलं नसतं. दोनने भाग जाणारा तो स्वच्छ, सरळ, पन्नास हजारांचा आकडा आमच्या घरात फक्त भिंतीवर होता. मी सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर आधी मी वाती का मोजल्या ते सांगावं लागलं असतं, मग मी वाती का वळल्या ते. मोठीने परत मोबाईल काढला असता. मी दुधाची वाटी जवळ ओढली.

धोंड्याचा महिना संपायच्या आत शंभर रेघा पूर्ण झाल्या. मोठीने रेघा दोनदा मोजल्या आणि मोबाईलवर भिंतीचा फोटो काढून दिरांना पाठवला. बरोबर एक लाख, तिने सांगितलं, एक कमी नाही, एक जास्त नाही.

वाती जाळायच्या सोमवारी आम्ही सगळे देवळात गेलो. मोठी आणि धाकटी नऊवारी नेसून, नथ घालून. मी ढाब्यावरून थेट गेले, कारण मी तुपाचा डबा धरायला होते. वाती आदल्या दिवसापासून तुपात भिजवल्या होत्या आणि त्या लोखंडी घमेल्यात ढीग करून ठेवल्या होत्या. मी मागे, नंदीच्या शेजारी उभी राहिले. ती जागा मला बरी वाटते. नंदीही कुणाला काही विचारत नाही.

गुरुजी पाटावर बसले आणि संकल्प सांगायला लागले. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, वाती कोणाच्या हातच्या, ते सांगायचं आहे. मोठी पुढे सरकली आणि म्हणाली, आम्हा दोघींच्या, पन्नास-पन्नास हजार.

"तिगींच्या," सासूबाई म्हणाल्या.

गुरुजींचा पळी धरलेला हात तसाच राहिला. मोठीने हळूच आठवण करून दिली की आई, आपण दोघींत भाग केला होता ना.

"हिशोब तुमचा गं. नवस माजा हाय." त्या शांतपणे बोलत होत्या, म्हशीबद्दल बोलतात तशा. "मी तिगी बोलले व्हते. त्यो ऐकनारा तितं बसलाय. इचार त्याला."

मग मागे वळून त्यांनी अंदाजाने नंदीकडे हात केला. "तू तिकडं काय करतीस? फुडं ये."

मी तुपाचा डबा घेऊनच पुढे गेले. ठेवावा हे सुचलं नाही. धाकटी सरकली आणि तिने मला मध्ये जागा केली.

मोठीला मी दोष देत नाही. ती मुळात प्रामाणिक बाई आहे, म्हणूनच एवढा ताप होतो. तिच्या तोंडावर राग नव्हता, खरी काळजी होती. तिने घमेल्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण आई, मग एक वात उरते. ती कुणाची म्हणायची?"

सासूबाईंनी ढिगावरची एक वात चाचपून काढली, बाजूला ठेवली आणि कापूस मागितला. पूजेच्या ताटात थोडा होता, गुरुजींनी तोच दिला. त्यांची बोटं आता थरथरतात. सगळ्या दोन-अडीच महिन्यांत त्यांनी एकही वात वळली नव्हती. सगळे बघत असताना त्यांनी कापूस पसरला, दाबला, कडा गोळा केल्या. दूध नव्हतं, पंचामृतात बोट बुडवलं. वात झाली ती अंगठ्याएवढी, वाकडी.

"ही माजी," त्या म्हणाल्या आणि ती ढिगावर ठेवली. "आता जातो का भाग तुजा?"

मोठीने मनात केलं. तेहतीस हजार तीनशे तेहतीस, तीन वेळा, आणि वर एक. तिचा चेहरा मोकळा झाला. "जातो," ती म्हणाली. ती खरोखर खूश झाली होती. घमेल्यात लाखाच्या वर कितीतरी हजार वाती पडलेल्या होत्या आणि त्या एका वातीने सगळा हिशोब चोख झाला. मी खाली बघून हसले. मी लाजतेय असं वाटून गुरुजींनी पुढचा मंत्र सुरू केला.

आम्ही तिघींनी मिळून काडी लावली. म्हणजे मोठीने ओढली, धाकटीने तिच्या हाताला हात लावला आणि माझा हात दोघींनी धरून वर ठेवला. तुपाचा डबा तेव्हा मुलीने धरला होता, म्हणून थोडा सांडला.

पेटायला वेळ लागला नाही. मी अख्ख्या वैशाखात जे वळलं ते सगळं एका ज्वाळेत गेलं. सासूबाई अगदी पुढे वाकून बघत होत्या. "दिसतंय," त्या म्हणाल्या. "चांगलं मोटं दिसतंय."

बाकीचे जेवायला गेले. वाती पूर्ण विझेपर्यंत कुणीतरी बसायला हवं, असं गुरुजी म्हणाले होते. सासूबाई म्हणाल्या मी बसते. मग मीही बसले. बारीक वाती सगळ्या राख झाल्या होत्या. सासूबाईंची ती जाड वात तेवढी घमेल्याच्या कडेला धुमसत होती, काही केल्या विझेना. देवळात आम्ही दोघीच.

मला विचारायचं होतं. पाडव्यापासून विचारायचं होतं. शब्द जुळवायला बराच वेळ लागला, पण त्यांना काही घाई नव्हती.

"आई," मी म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललात? बैठकीत."

त्यांनी मला नीट बघायचा प्रयत्न केला. मी त्यांना कितपत दिसले असेन माहीत नाही.

"तवा बोलले असते तर तू तुज्या वाटनीच्या वळून उटली असतीस," त्या म्हणाल्या. "मंग त्या दोगींच्या कोन वळनार व्हतं? लाख पुरं व्हायला नको?"

मी काडीने राख एका बाजूला सारायला लागले. यात नवीन काही नव्हतं.

"पोत्यात हात घातला की मला कळायचं," त्या पुढे म्हणाल्या. "जाड हाताला लागली की म्हनायचे, ही मोटीची. अशा लई थोड्या लागल्या बग." त्या हसल्या. "तुला काडून मी जाऊ कुटं? मला चा कोन देनार?"

मला राग यायला हवा होता. बाईने मला अडीच महिने तिनातून बाहेर ठेवलं, कारण बाहेर राहिले तरच मी तिघींचं काम करणार हे तिला ठाऊक होतं. एवढा सरळ भाग मोबाईललाही जमला नव्हता. पण शेवटी तिने तीनच म्हटलं होतं, आणि तेही शंकरासमोर, गुरुजींना थांबवून, जिथे कुणालाही नंतर फिरवता येणार नाही अशा ठिकाणी. मी ठरवलं की राग घरी जाऊन आणू.

जाड वात विझली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सासूबाईंनी हात पुढे केला, मी धरून उठवलं. घमेलं मीच उचललं. ते घासायला मला बराच वेळ लागणार होता. तुपाची काजळी लवकर सुटत नाही. आणि या कामाचा भाग किती जणींत करायचा, ते काही मोठीने मोबाईलवर पाहिलं नव्हतं.